गुलाल हिरवा पडू नये म्हणून

[दृश्य: जोतिबाचा डोंगर, चैत्र यात्रा, सासनकाठ्या, उधळलेला गुलाल]

चैत्र पौर्णिमेला डोंगरावर जाऊन आलेल्या माणसाच्या कानामागं, घड्याळाच्या पट्ट्यात, मोबाईलच्या कव्हरमध्ये आठवडाभर गुलाल सापडत राहतो. आणि दोन-चार दिवसांनी तोच गुलाल पेनड्राइव्हमधनं, मेमरी कार्डातनं कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतल्या या फोटो लॅबमध्ये येऊन पोचतो.

[दृश्य: मॉनिटर, मामांचा चेहरा, कीबोर्डवरची बोटं]

आता हा फोटो बघा. फोटो छापायच्या मशीनला ऑटोवर सोडलं तर ते आख्ख्या फोटोची सरासरी काढतं आणि ती करड्या रंगाकडं न्यायला बघतं. फोटोभर गुलालच आहे, त्यामुळं मशीनला वाटतं गुलाबी फार झालंय, ते गुलाबी ओढून घेतं, आणि गुलाबी ओढलं की हिरवा वर येतो, म्हणजे गुलाल फिका आणि माणसांचे चेहरे हिरवट. इथले ऑपरेटर मामा तसा प्रिंट बाहेर जाऊच देत नाहीत. मॅजेन्टा, म्हणजे तो गुलाबी, परत वाढवायचा, डेन्सिटी, म्हणजे फोटोचा गडदपणा, थोडी खाली, मग कपाळ बघायचं, दात बघायचे, पांढरा सदरा कुणाचा असेल तर तो बघायचा. हळदीच्या फोटोत पिवळं जास्त म्हणून मशीन निळ्याकडं पळतं. तालमीतल्या फोटोत सगळी तांबडी माती, तिथं पैलवानाचं अंग निळसर-हिरवं व्हायला लागतं. कोल्हापुरात गुलाल, हळद आणि तांबडी माती या तिन्हीशिवाय वर्ष जात नाही, त्यामुळं इथल्या ऑपरेटरचा डोळा याच तीन रंगांवर तयार झालाय असं मला तरी वाटतं.

[दृश्य: सकाळ, शटर वर जातं, टेस्ट प्रिंट बाहेर येतो]

सकाळी पहिलं काम सेटअपचं. मशीन रंगांचे चौकोन असलेली एक पट्टी काढतं, ती मोजायची, काल आणि आजमध्ये फरक पडला असेल तर तो काढून टाकायचा. केमिकल रात्रभर थंड झालेलं असतं, ते ३८ डिग्रीच्या आसपास आल्याशिवाय पहिला ग्राहक घ्यायचा नाही. पोरगा दारात उभा राहून अर्जंट आहे म्हणाला तरी नाही.

[दृश्य: मशीनचं झाकण, कागदाचा रोल, बाहेर पडणारे प्रिंट]

आत काय चालतं ते आम्हाला शूट करता आलं नाही, कारण उजेड आत गेला की कागद गेला. पण ते सांगायलाच पाहिजे, कारण बऱ्याच जणांना वाटतं की हा मोठा इंकजेट प्रिंटर आहे. तसं नाही. कागद तोच जुना, चांदीच्या क्षारांचा. पूर्वी निगेटिव्हमधनं त्याच्यावर उजेड पडायचा, आता लाल, हिरवा आणि निळा असे तीन लेसर अंधारात ओळीनं ओळीनं फोटो लिहीत जातात. मग कागद डेव्हलपरमध्ये उतरतो, मग चांदी काढून टाकणाऱ्या ब्लीच-फिक्समध्ये, मग धुवायच्या टाक्या, मग गरम हवा. चांदी सगळी धुवून निघते, कागदावर उरतात ते फक्त रंग. वापरलेल्या केमिकलमधनं ती चांदी परत काढता येते. म्हणजे आपण डिजिटल लॅब म्हणतो खरं, पण आतला सगळा कारभार अजून ओलाच आहे.

[दृश्य: मागची खोली, कापडाखालचा एन्लार्जर, लाल दिवा]

ही मागची खोली आता अल्बमची खोकी ठेवायला वापरतात. मामांनी कापड काढलं आणि एन्लार्जरचं, म्हणजे निगेटिव्हवरनं कागदावर मोठा फोटो पाडायच्या यंत्राचं, डोकं हातानं वर-खाली करून दाखवलं, अजून तेल घातल्यासारखं चालतंय. कृष्णधवलचं काम इथं व्हायचं. लाल दिव्यात कागद डेव्हलपरच्या ट्रेमध्ये टाकायचा, चित्र हळूहळू उगवायला लागायचं, नेमक्या क्षणी उचलायचं आणि हायपोत, म्हणजे चित्र पक्कं करणाऱ्या केमिकलमध्ये, बुडवायचं. चेहरा काळा पडत असेल तर उजेडाखाली हाताची सावली धरून तेवढा भाग वाचवायचा, आकाश पांढरं राहत असेल तर तिथं जास्त उजेड द्यायचा. मामा आज स्क्रीनवर जे चार बटणांनी करतात ते त्यांनी आधी या दोन हातांनी केलंय, म्हणून तर ते जमतं.

[दृश्य: खरी कॉर्नर, कॅमेऱ्याचा स्तंभ]

याच गावात बाबूराव पेंटरांनी आनंदराव पेंटरांबरोबर सुरू केलेलं सिनेमाचा कॅमेरा बनवायचं काम पुरं केलं आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली. कॅमेऱ्याचा स्तंभ असलेलं गाव आहे हे.

[दृश्य: फिकट झालेले पिवळे, निळे, हिरवे बोर्ड]

हे बोर्ड अजून कुठंकुठं दिसतात. पिवळा कोडॅकचा, निळा कोनिकाचा, हिरवा फुजीचा. पहिला डिजिटल कॅमेरा १९७५ साली कोडॅकमधल्याच स्टीव्हन सॅसन या इंजिनिअरनं बनवला होता, आणि जानेवारी २०१२ मध्ये कोडॅकनं दिवाळखोरीचा अर्ज केला. कोनिका मिनोल्टानं २००६ लाच फोटोचा धंदा सोडला. रोल धुवायला येणं थांबलं, लॅब बंद पडल्या, ऑपरेटर दुसऱ्या कामांना लागले.

[दृश्य: करिझ्मा अल्बमची शीटं, बाइंडिंग]

जे राहिले त्यांनी लग्नाचे अल्बम धरले. बारा बाय छत्तीस इंचाचं एक शीट म्हणजे दोन पानं, मधे जोड नाही. आणि रोजचा वाद व्हॉट्सअपवरच्या फोटोचा. बारा बाय अठराचा मोठा फोटो नीट यायला लांब बाजूला ५४०० ठिपके लागतात, व्हॉट्सअपवरनं साधा पाठवलेला फोटो बहुतेक वेळा १६०० च्या आसपास येतो. मामा प्रत्येकाला सांगतात, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

[दृश्य: टेबलावर चिकटलेला, फुगलेला जुना अल्बम]

हा अल्बम २०१९ च्या पुरातला. ऑगस्टमध्ये पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली तेव्हा दुधाळीतल्या एका घरात तो पाण्याखाली होता. घरच्यांनी तो उन्हात वाळवला, आणि तिथंच चुकलं, कारण फोटोवरच्या जिलेटिनचा थर ओला झाला की डिंकासारखा होतो आणि तसाच वाळला की पान पानाला धरतं. ओले असतानाच स्वच्छ थंड पाण्यात ठेवून एकेक सोडवायला पाहिजे होते. मामांनी आता सुटतील तेवढे सोडवलेत आणि स्कॅन केलेत. हा एक घ्या, बाईचा अर्धा चेहरा आहे, अर्धा समोरच्या पानाला गेलाय. तो तिकडनं उलटा स्कॅन केला, कॉम्प्युटरवर सुलटा केला आणि जोडला. दोन दिवस गेले.

[दृश्य: मशीनमधनं प्रिंट बाहेर येतो, मामा तो खिडकीपाशी नेतात]

पहिला प्रिंट मामांनी बाजूला ठेवला. साडी जरा निळी आली होती. हा दुसरा.