कुर्रम : दरी मोठी, रस्ता एकच

तर मंडळी, पठाणी मुलूख म्हटलं की आपण सगळे खैबर खिंडीकडे पळतो, पण आज मी बोलणार आहे कुर्रमबद्दल. पाकिस्तानच्या खैबर पख्तुनख्वातला हा जिल्हा, आणि नकाशा उघडला की पहिल्यांदा डोळ्यात भरतं ते हे की तो चोचीसारखा अफगाणिस्तानात घुसलाय. पाराचिनार हे मुख्यालय, तिथून काबूल सरळ रेषेत शंभरेक किलोमीटर आणि पेशावर त्याहून लांब, आता बोला!

उत्तरेला सफेद कोह ही डोंगररांग, त्यातलं सिकाराम शिखर साडेचार हजार मीटरच्याही वर. तिथलं बर्फ वितळून जे पाणी खाली येतं त्यावर भात, गहू, अक्रोड, सफरचंद सगळं चालतं. नदी कुर्रम, ऋग्वेदातली क्रुमू ती हीच असं अभ्यासक मानतात, हे आपलं जाता जाता.

वरच्या भागात तुरी टोळी राहते, पश्तून म्हणजे पठाण आणि तरी शिया, हे ऐकून बऱ्याच जणांच्या भुवया वर जातात, कारण पश्तून बहुतेक सुन्नी. बंगश टोळीत शियाही आहेत, सुन्नीही. मंगल, मुकबल वगैरे टोळ्या सुन्नी. आता गोची बघा, खालच्या बाजूच्या थल गावाहून पाराचिनारला जाणारा मेन रोड एकच आणि तो खालच्या कुर्रममधल्या सुन्नी वस्त्यांतून जातो, म्हणजे खाली भडकलं की वरचे शिया अडकले, आणि वरच्या भागात जी थोडी सुन्नी गावं आहेत ती शियांच्या वेढ्यात, त्यांचीही तीच गत. 2007 नंतर हा रस्ता काही वर्षं असा बंद पडला की लोक पेशावरला, म्हणजे स्वतःच्याच देशातल्या शहरात, अफगाणिस्तानातून फिरून जायचे.

बातम्यावाले शिया-सुन्नी म्हणून मोकळे होतात. धर्म आहेच, नाही कसा, 1980 च्या दशकात अफगाण युद्धामुळे निर्वासित आले, बंदुका आल्या, 1987 ला मोठी दंगल झाली. पण जुलै 2024 मध्ये कुर्रममधल्याच बोशेरा गावात चाळीसच्या वर माणसं गेली त्याचं मूळ काय, तर जमिनीचा तुकडा! डोंगर कुणाचा, पाट कुणाचा, सामाईक रान कुणाचं, याचा निकाल वर्षानुवर्षं लागत नाही. माझ्या मते तिथे फौजेआधी तलाठी आणि मोजणीदार पाठवायला हवे होते, पण ते कुणाला सुचत नाही.

भांडण थांबवायची त्यांची पद्धतही आहे. जिरगा म्हणजे टोळ्यांची पंचायत बसते, वडीलधारे तासन् तास बोलतात आणि 'तीगा' ठेवतात, तीगा म्हणजे दगड, तो ठेवला की युद्धबंदी, मोडेल त्याला जबर दंड. नोव्हेंबर 2024 मध्ये गाड्यांच्या ताफ्यावर हल्ला होऊन चाळीसहून जास्त लोक मेले, रस्ता बंद, पाराचिनारात औषधं संपली. मग जवळच्या कोहाट शहरात बरेच दिवस जिरगा चालला, 1 जानेवारी 2025 ला करार झाला, जड हत्यारं जमा करायची, बंकर पाडायचे, सगळं कागदावर आलं. तीनच दिवसांनी, सामानाचे ट्रक निघण्याआधी, रस्ता मोकळा करायला गेलेल्या डेप्युटी कमिशनरवरच गोळीबार झाला, ते जखमी झाले आणि ट्रक पुन्हा थांबले.