सिंहस्थ आला, पण गुरू पाहिला का?

मंडळी, अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरने 2014 साली तिथल्या 35 हजारांहून जास्त प्रौढांची पाहणी केली. त्यात एक प्रश्न होता : विश्वाबद्दल मनात खोल आश्चर्य किती वेळा दाटून येतं? आठवड्यातून एकदा तरी येतं, असं 46 टक्के लोकांनी सांगितलं. 2007 मध्ये तसं सांगणारे 39 टक्के होते. ही उत्तरं उत्पन्नाच्या गटांनुसारही मांडलेली आहेत. त्यातला मधला गट वाचताना मला आपणच आठवलो. सातपूर-अंबडची शिफ्ट, फ्लॅटचा हप्ता, मुलांचे क्लास, गावाकडे द्राक्षबाग असेल तर अवकाळीची धास्ती. यात विश्व कुठून आठवणार?

पण नाशिककरांना तर ते आठवायलाच हवं. सध्या शहरभर रस्ते उकरलेत, साधुग्रामच्या जागेवरून रोज पेपरात बातमी आहे. सिंहस्थ कुंभमेळ्याचा हा सगळा खटाटोप कशासाठी? आकाशातला एक ग्रह सिंह राशीत येतोय म्हणून! गुरूला सूर्याभोवती एक फेरी मारायला 11.86 वर्षं लागतात. बारा वर्षांना थोडी कमी. ही तूट साठत जाते आणि मग कधीतरी बाराऐवजी अकराव्या वर्षीच सिंहस्थ येतो. हातात दुर्बीण नसलेल्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या मान वर करून पाहिलं, तेव्हा हे चक्र ध्यानात आलं. आपल्याला पर्वणीच्या तारखा पाठ असतात, गाडी कुठे लावायची तेही माहीत असतं, पण गुरू कोणता ते दाखवा म्हटलं तर बोट कुठे करावं कळत नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आश्चर्य ही फुरसतीची चैन आहे, त्यासाठी लडाखला जायला हवं, असं आपण धरून चालतो. मला ते पटत नाही. गुरू कॉलेज रोडच्या दिव्यांतूनही दिसतो. फेब्रुवारी 2027 मध्ये सूर्य मावळायच्या सुमाराला तो पूर्वेला उगवेल, मघा नक्षत्राच्या जवळ. तेव्हा डोळ्यांत शिरणारा त्याचा उजेड अर्ध्या तासापेक्षा जास्त प्रवास करून आलेला असेल.

पक्षी पाहायला वापरतात तशी दुर्बीण कुणाकडून मागून आणा. गच्चीच्या कठड्यावर दोन्ही कोपरं घट्ट टेकवा, नाहीतर हात हलतो आणि काहीच दिसत नाही. स्थिर धरलीत की गुरूचा ठिपका दिसेल आणि त्याच्या दोन्ही बाजूंना, जवळजवळ एका रेषेत, बारीक चांदण्या. कधी चार, कधी तीन. ते त्याचे चंद्र. 1610 च्या जानेवारीत गॅलिलिओने हेच पाहिलं. रोज रात्री त्यांच्या जागा बदललेल्या पाहून त्याला कळलं, की पृथ्वी सोडून दुसऱ्या कशाभोवतीही काहीतरी फिरतंय. या चारांपैकी सगळ्यात आतला आयो साडेबेचाळीस तासांत फेरी पूर्ण करतो.

म्हणून एक रात्र पाहून थांबू नका. मुलांच्या वहीत गुरूचा गोल काढा, चंद्रांचे ठिपके मांडा, खाली तारीख आणि वेळ लिहा. दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर परत गच्चीवर जा आणि कालच्या पानाशेजारी आजचं पान मांडा.