पश्चिमेच्या दारातून पहाट : अंगकोरमधला एक दिवस

(अंधार. टुकटुकचा आवाज. दिव्याच्या झोतात रस्त्याकडेची उंच झाडं.)

पहाटेचे पावणेपाच. कंबोडियातलं सियाम रीप शहर मागं पडलंय. इथली टुकटुक म्हणजे मोटरसायकलला जोडलेला छपराचा गाडा. वारा थेट अंगावर येतो, आणि डिसेंबरात चक्क शाल लागते.

गाइड मागं वळून म्हणतो, "अरुण सुओस्देय." ख्मेर भाषेतली ही शुभ सकाळ. अरुण, आणि स्वस्ति. दोन्ही शब्द आपल्या घरातले, पण उच्चार इतका बदललेला की पहिल्यांदा ऐकताना ओळख पटत नाही. आजचा दिवस बराचसा असाच जाणार आहे.

अंगकोरच्या जुन्या देवळांचं तिकीट कालच काढलंय. एका दिवसाचे 37 डॉलर. त्यावर आपलाच फोटो छापलेला असतो, त्यामुळे अर्धा दिवस फिरून ते दुसऱ्याला देणं जमत नाही. संध्याकाळी पाचनंतर काढलेलं तिकीट दुसऱ्या दिवशी चालतं, हे मात्र लक्षात ठेवा. पहाटेची रांग टळते.

(खंदकावरची दगडी वाट. हलत्या बॅटऱ्यांची ओळ.)

हा अंगकोर वाटचा खंदक. सुमारे 190 मीटर रुंद. अंधारात त्याचा पैलतीर दिसत नाही. तो ओलांडला की गोपुर, आणि गोपुरात उदबत्तीचा वास. उजव्या हाताला आठ भुजांची उंच मूर्ती. घडणीनं विष्णू, अंगावर मात्र बौद्ध भगवी वस्त्रं. इथले लोक तिला ता रीच म्हणतात. 'ता' म्हणजे आजोबा, 'रीच' म्हणजे राजा. कुणी फळं ठेवतं, कुणी नुसते हात जोडून पुढं जातं.

(डावीकडचं तळं. हळूहळू उजाडतं.)

तळ्याच्या काठी शेकडो माणसं, आणि प्रत्येकाचा हात वर, हातात फोन. समोरून नीट मध्यावर उभं राहिलं तर शिखरं तीनच दिसतात. कंबोडियाच्या राष्ट्रध्वजावरही तीनच आहेत. थोडं बाजूला, या तळ्यापाशी आलं की पाची मोकळी होतात, आणि पाण्यात आणखी पाच.

सूर्य देवळामागून उगवतो, कारण हे देऊळ पश्चिमाभिमुख आहे. ख्मेर राजांची बहुतेक देवळं पूर्वेकडे तोंड करून आहेत. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात दुसऱ्या सूर्यवर्मन राजानं बांधलेलं हे विष्णुमंदिर वेगळं. मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनी, मधल्या वाटेवरून पाहिलं तर सूर्य थेट मधल्या शिखरावर येतो.

सूर्य वर आला की गर्दी न्याहारीला पांगते. आमचा गाइड याच घटकेची वाट पाहत होता.

(पहिल्या ओवरीतली लांबलचक शिल्पभिंत. कडेनं येणारा कोवळा प्रकाश.)

आत शिरून तो उजवीकडे वळतो. देऊळ डाव्या हाताला. म्हणजे ही प्रदक्षिणा उलटी झाली. पण शिल्पांचा क्रम असाच लागतो. अंत्यविधीत फेरे उलटे घालतात. त्यावरून, आणि पश्चिमेच्या दारावरून, काही अभ्यासकांनी हे राजाचं स्मारकमंदिर असावं असं मानलं.

पहिलीच भिंत कुरुक्षेत्राची. डावीकडून कौरव, उजवीकडून पांडव, आणि मध्ये नुसती खेचाखेच. शरपंजरी भीष्म शोधावा लागत नाही, नजर आपोआप तिथं जाते. पण हे हत्ती, ही चिलखतं, हे चेहरे ख्मेर आहेत. आपली माणसं इथं येऊन "हे तर आपलंच" म्हणतात. गाइड हसतो, वाद घालत नाही. गोष्ट समुद्रावरून आली हे खरं. ती सांगणारा हात इथला आहे.

दक्षिणेच्या भिंतीवर राजाची मिरवणूक, मग यमाचा न्याय आणि खाली नरक. तिथं फार थांबू नका. पुढं समुद्रमंथन आहे. जवळजवळ 49 मीटर लांब. अलीकडे 92 असुर, पलीकडे 88 देव, हातात वासुकी. मध्ये विष्णू, त्याच्या पायाशी कूर्म. खालच्या पाण्यात घुसळणीजवळचे मासे आणि मगरी अक्षरशः तुटून गेलेल्या. शिल्पकारानं अमृताइतकाच विचार माशांचाही केला होता.

आतल्या चौकातल्या एका खांबावर 1632 साली आलेल्या जपानी यात्रेकरूनं शाईनं मजकूर लिहून ठेवलाय. फ्रेंच प्रवासी आंरी मुओ इथं आला 1860 मध्ये. तरी 'जंगलात हरवलेलं मंदिर त्यानं शोधलं' ही कथा अजून विकली जाते. भिक्खूंनी हे देऊळ कधी सोडलंच नव्हतं.

(बायोनचे दगडी चेहरे. झटपट दृश्यं.)

दुपारी अंगकोर थोम. 1177 मध्ये शेजारच्या चंपा राज्याच्या सैन्यानं राजधानी लुटली, आणि 1181 मध्ये गादीवर आलेल्या सातव्या जयवर्मननं हे नगर उभारलं. नगराच्या मधोमध बायोन मंदिर. त्याच्या शिखरांवरच्या दगडी चेहऱ्यांचे फोटो सगळेच काढतात. खालच्या भिंतीवर कोंबड्यांची झुंज आणि मासळीबाजार आहे, तो चुकवू नका.

(ता प्रोम. भिंतीवरून उतरलेली मुळं.)

ता प्रोम त्याच राजानं आईच्या स्मरणार्थ बांधलं, 1186 मध्ये. तिथल्या संस्कृत शिलालेखात मंदिराच्या आवारात राहणाऱ्या 12,640 माणसांची नोंद आहे. त्यात 615 नर्तकी. आज भिंतींवर बसलेत ते टेट्रामेलिसचे प्रचंड वृक्ष. हे झाड आपल्या सह्याद्रीतही वाढतं. कोटाचा दगड तर कोकणातला माणूस लांबूनच ओळखेल. जांभा! खाणीतून काढताना मऊ, हवा लागली की टणक. झाडाची मुळं दगड फोडतात आणि तीच धरूनही ठेवतात, त्यामुळे इथली डागडुजी जोखमीची. गेली वीसेक वर्षं भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची माणसं कंबोडियाच्या तज्ज्ञांबरोबर ती करत आहेत.

(पुन्हा अंगकोर वाट. दुपार कलते.)

आम्ही पाचच्या सुमाराला परत त्याच वाटेवर. तळ्याकाठी आता चार पोरं आणि एक कुत्रं. सूर्य पाठीशी, आणि सकाळी काळी दिसलेली शिखरं समोर मधासारखी उजळलेली. साडेपाचला रखवालदार लोकांना बाहेर काढू लागतात.

मी गाइडला 'ओर्कुन' म्हणतो. धन्यवाद. त्यातला 'कुन' म्हणजे आपला गुण, हे तो चालता चालता सांगतो.