मुरलेला जॉकी आणि रेडिओचा माइक

मंडळी, विषय पत्रिकेवर छापलाच आहे: निवृत्त, मुरलेला जॉकी हा रेडिओचा सर्वांत उत्तम पाहुणा का? रेडिओ जॉकी आणि घोड्यावरचा जॉकी हा विनोद सूत्रसंचालकांनी आधीच उरकला, त्यामुळे माझी दोन मिनिटं वाचली. ती मी आत्ताच उधळतो. माझ्याकडे तीन मुद्दे आहेत, पण त्याआधी डेव्हन लॉक नावाच्या घोड्याची गोष्ट.

नाव ऐकून चार-पाच माना हलल्या. हलवू नका, शेजारी घरची माणसं बसली आहेत.

१९५६ सालची ग्रँड नॅशनल, म्हणजे इंग्लंडमधल्या एंट्री या गावची अडथळ्यांची घोडेशर्यत. जवळजवळ साडेचार मैलांची दौड आणि ३० उड्या. या शर्यतीचं वर्णन रेडिओवर १९२७ सालीच आलं, टीव्हीवर मात्र ती १९६० साली पोचली. म्हणजे आपली गोष्ट रेडिओच्या राज्यातली. डेव्हन लॉक हा घोडा ब्रिटनच्या राजमातेचा, आणि वर जॉकी डिक फ्रान्सिस. शेवटची उडी झाली, मागचे घोडे मागे पडले, समोर नुसतं सपाट गवत. विनिंग पोस्ट पन्नासेक यार्डांवर राहिला आणि घोड्यानं एकाएकी उडी घेतल्यासारखे पुढचे पाय उचलले. तिथे अडथळा नव्हता, काहीच नव्हतं. पुढच्या क्षणी तो पोटावर फतकल मारून बसला. मागून ई.एस.बी. नावाचा घोडा आला आणि जिंकून गेला. डेव्हन लॉक थोड्याच वेळात उठला, धडधाकट! राजमातेनं चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही म्हणतात. आपल्याकडे दहा रुपये लावलेला माणूस आठवडाभर जेवत नाही.

या प्रसंगाची फिल्म आहे आणि लोक ती अजून पाहतात. कुणी म्हणालं पायात पेटका आला, कुणी म्हणालं हृदयाचं काहीतरी, कुणी म्हणालं बाजूच्या पाण्याच्या अडथळ्याची सावली पाहून घोडा फसला. निकाल आजवर लागलेला नाही. पण फ्रान्सिसचं स्वतःचं मत वेगळं होतं. त्याच्या मते कारण होतं आवाज. राजघराण्याचा घोडा जिंकतोय म्हणून अख्खं स्टँड एका घशानं ओरडलं, ती गर्जना समोरून अंगावर आली, घोड्याचे कान टवकारले आणि तो दचकला. आता बघा, ओरडणारे हजारो होते, फिल्मवाले होते, पण त्या आवाजानं घोड्याच्या अंगात काय झालं हे ज्याच्या मांडीखाली कळलं तो माणूस एकच. हा फ्रान्सिस पुढच्याच वर्षी निवृत्त झाला, वर्तमानपत्रात रेसवर लिहू लागला आणि मग रहस्यकथाकार म्हणून जगभर गाजला. मला यात मुळीच आश्चर्य वाटत नाही.

आणि आम्ही अशा माणसांना स्टुडिओत बोलावून विचारतो काय? एक कार्यक्रम मी ऐकला, नाव घेत नाही. वयस्क जॉकी सांगत होता की शेवटच्या वळणावर मागून येणारा घोडा वळून न बघता कसा ओळखायचा. टापांचा ठेका, श्वासाची घरघर, शेजारच्या स्वाराची शिवी. शिवीपाशी तो जरा थांबला, आठवत होता बिचारा, आणि निवेदकानं विचारलं, "वा वा! आणि जिंकल्यावर कसं वाटलं?" मग लगेच गाणं. अहो, छान वाटलं असणार! दुसरं काय वाटणार? ती शिवी कुठली होती, हे मात्र मला मरेपर्यंत कळणार नाही.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं म्हणतायत. तर तीन मुद्दे, पळत पळत.

पहिला. शर्यत आपण बघतो, जॉकी ती बरीचशी ऐकतो. ओल्या मातीच्या ट्रॅकवर पुढच्या घोड्यांच्या खुरांचा चिखल असा उडतो की जॉकी एकावर एक तीन-चार गॉगल चढवतात आणि एकेक खाली ओढत जातात. वेगाचं घड्याळ त्यांच्या डोक्यात असतं: फर्लांग म्हणजे दोनशे मीटर, बारा सेकंदांत गेला की तेरा, हे लगामाच्या हाताला कळतं. हे दाखवता येत नाही, सांगावंच लागतं.

दुसरा. मुरलेला माणूस हरलेली शर्यत छान सांगतो. अमेरिकेचा जॉकी विली शूमेकर १९५७च्या केंटकी डर्बीत, म्हणजे तिथल्या मानाच्या शर्यतीत, विनिंग पोस्ट आला समजून रिकिबीत उभा राहिला. पोस्ट अजून पुढे होता. शर्यत नाकाच्या अंतरानं गेली. त्यानं पुढे ही डर्बी जिंकलीही, पण आपल्याला ऐकायची असते ती हीच गोष्ट.

तिसरा. निवृत्ताला उद्या कुणाच्या घोड्यावर बसायचं नसतं. मालक आणि ट्रेनर दोघांबद्दल तो मोकळा बोलतो.

आता कुणीतरी इंग्लंडचा जॉकी लेस्टर पिगट याचं नाव काढणार. इंग्लंडमधली मानाची एप्सम डर्बी नऊ वेळा जिंकली, पहिली १९५४ साली, वयाच्या अठराव्या वर्षी; लहानपणापासून ऐकू कमी आणि बोलणं त्याहून कमी. माझ्या कानांच्या सिद्धांताचं त्यानं वाटोळं केलं, हे मान्य. तरी मी त्यालाही बोलावलं असतं. फक्त निवेदकाचं बोट गाण्याच्या बटणापासून लांब बांधून ठेवलं असतं. प्रश्न असतील तर विचारा, पिगट सोडून.