तिळारीचं पाणी, धारगळची जमीन आणि चंदगड

(दृश्य: पावसाळ्यातलं तिळारीनगर. धुक्यातून मधेच दिसणारा जलाशय.)

कोल्हापूर जिल्ह्याचं हे दक्षिण टोक. शहरापासून शंभरेक किलोमीटरवर, चंदगड तालुक्यात, सह्याद्रीच्या अगदी काठावर. इथे अडवलेलं पाणी कडा उतरून खाली दोडामार्गच्या बाजूच्या वीजघरात जातं. वीज तयार झाली की ते तिळारी प्रकल्पाच्या पाण्यात मिसळतं आणि कालव्यांनी गोव्यात पोचतं. तिळारी हा महाराष्ट्र आणि गोवा यांचा संयुक्त प्रकल्प, आणि त्यातल्या पाण्याचा मोठा वाटा गोव्याचा. पेडणे, डिचोली, बार्देश या तालुक्यांतली शेती भिजावी म्हणून हे कालवे खणले. त्यासाठी दोडामार्गातली गावं उठली, घरं पाण्याखाली गेली.

त्याच पेडणे तालुक्यात धारगळ आहे. तिथली तिळारीच्या लाभक्षेत्रातली, म्हणजे या कालव्यांनी भिजवायची, सव्वातीन लाख चौरस मीटरहून जास्त जमीन एका मोठ्या मनोरंजन प्रकल्पासाठी पुढे आली, आणि त्यात कॅसिनो येणार हे कळल्यावर विरोध सुरू झाला. लाभक्षेत्रातली जमीन शेतीसाठीच राहावी म्हणून गोव्यात १९९७ पासून कायदा आहे. विरोध करणारे एवढंच विचारतात, की शेतीसाठी कालवा आणलात, तर त्याच रानात जुगाराचा अड्डा कसा काय बसतो?

आम्ही कोल्हापुरात बसून हे का सांगतोय? कारण हे पाणी ज्या जंगलातून येतं, ते आपलं आहे.

(दृश्य: चंदगडचं जंगल, काजूच्या बागा, चिखलात उमटलेलं हत्तीचं पाऊल.)

डिसेंबर २०२० मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने पश्चिम घाटातल्या नव्या संवर्धन राखीव क्षेत्रांना, म्हणजे वन्यप्राण्यांसाठी राखलेल्या सरकारी जंगलांना, मंजुरी दिली. चंदगडचं सव्वादोनशे चौरस किलोमीटर जंगल त्यात आलं, शेजारचं आजरा-भुदरगडही आलं. घाटाखाली तिळारीचं राखीव क्षेत्र त्याच वर्षी आधी झालं होतं. नकाशावर हे वेगवेगळे तुकडे दिसतात. प्राण्यांसाठी ही एकच वाट आहे, राधानगरीपासून थेट गोवा आणि कर्नाटकाच्या जंगलापर्यंत.

हत्तींनी हे फार स्पष्ट दाखवलंय. वीसेक वर्षांपूर्वी ते कर्नाटकातून दोडामार्गात उतरले, पुढे चंदगड आणि आजऱ्यात आले. माड मोडले, केळी झोपवल्या, भाताची पोती फोडली. रात्र रात्र जागून राखण करणारी माणसं इथे घराघरात आहेत. २०२५ मध्ये ओंकार नावाचा हत्ती दोडामार्गातून सरळ पेडणे तालुक्यात जाऊन पोचला. ज्या तालुक्यात रात्रभर दिवे पेटते ठेवायचे बेत आहेत, त्याच तालुक्यात. त्याचा रस्ता बंद झाला की तो माघारी फिरणार, आणि मग नुकसान कुणाच्या शेतात होणार हे चंदगडच्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही.

(दृश्य: रात्रीचा घाटरस्ता, गाड्यांचे दिवे. एमएच ०९ची पाटी.)

या गाड्या आपल्या आहेत. शनिवारी संध्याकाळी कोल्हापुरातून निघायचं, आजरा-आंबोली करत मध्यरात्रीच्या आत पणजी गाठायची. मांडवीतल्या कॅसिनो बोटी दोन दशकांपासून चालू आहेत, आणि पणजीकरांचा त्यांना विरोधही तितकाच जुना आहे. तीच गर्दी आता पेडण्यापर्यंत अलीकडे आली, तर रात्रीची वाहतूक याच घाटांतून वाढणार.

आंबोलीच्या कातळावर जगात दुसरीकडे कुठेही न सापडणारा एक टोड, म्हणजे बेडकाचाच एक प्रकार, आहे. लांबीला जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर, अंगठ्याच्या पेराएवढा, कुशीवर वाघासारखे पट्टे. पहिल्या पावसात कातळावर पाण्याची उथळ डबकी साठतात, काही तर ओंजळभर पाण्याची, आणि त्यातच तो अंडी घालतो. पाऊस पडला की बाहेर येतो, रस्त्यावरही येतो. गाडीत बसलेल्याला तो दिसतच नाही. चाकाखाली गेला तरी कळत नाही.

रोजगाराचा मुद्दा आम्ही टाळणार नाही. चंदगडची कितीतरी पोरं आजही गोव्यात कामाला आहेत आणि त्यांच्या पगारावर इथली घरं चालतात. पण कॅसिनो जे देतो त्यापेक्षा जास्त ओढून नेतो, असं आमचं ठाम मत आहे. उसाचं बिल खात्यावर जमा झाल्यावर त्यातला पैसा कुठे जावा, हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न म्हणून सोडून देता येत नाही. एका रात्रीत घर बसतं, आणि ते सावरायचं काम बायकांच्या अंगावर पडतं.

महाराष्ट्रात कॅसिनोचा कायदा १९७६ मध्येच झाला होता. तो कधी अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये राज्य सरकारने तो रद्द करायचं ठरवलं. त्यामुळे आपल्या हद्दीत कॅसिनो येणार नाही. पण त्याच्या मागोमाग येणारं बाकी सगळं येऊ शकतं. मोठी रिसॉर्ट्स, प्लॉटिंग, डोंगर फोडून काढलेले रस्ते.

आणि नेमकी इथेच एक फट आहे. संवर्धन राखीव क्षेत्र फक्त सरकारी जमिनीवर जाहीर होतं. त्याला चिकटून असलेली मालकीची रानं त्यात येत नाहीत. तिथे सातबारा बदलतो, मग बिगरशेती होते, मग कुंपण पडतं. जंगल कागदावर तेवढंच राहतं, पण त्यात शिरायच्या वाटा बंद होतात.

(दृश्य: ग्रामपंचायतीचं कार्यालय, फलकावर लावलेली नोटीस.)

धारगळच्या लोकांनी आवाज उठवला तो प्रकल्पाची गोष्ट बाहेर आल्यावर. चंदगड, आजरा, भुदरगडला त्याआधीच उठता येईल. वन्यजीव कायद्यात राखीव क्षेत्रासाठी व्यवस्थापन समितीची तरतूद आहे, आणि ज्या ज्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत ते क्षेत्र येतं तिचा एकेक प्रतिनिधी त्या समितीवर असायला हवा. आपल्या गावचा प्रतिनिधी कोण, समितीची बैठक शेवटची कधी झाली, राखीव क्षेत्राला लागून कुठल्या गटातली जमीन बिगरशेतीला चालली आहे, हे येत्या ग्रामसभेत उभं राहून विचारा. उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या, आणि त्याची नक्कल मागून घ्या.