बारा घरांचा पट

(दृश्य : जिल्हा परिषद शाळेचा व्हरांडा. फरशीवर खडूने आखलेली बारा घरे, सभोवती सातवी-आठवीची मुले.)

यवतमाळ जिल्ह्यातील या व्हरांड्यात जी बारा घरे आखलेली आहेत, त्यांतील पहिले घर जानेवारीचे नसून जूनचे आहे. कापूस, सोयाबीन आणि तुरीवर चालणाऱ्या संसाराचे वर्ष मृगाबरोबर सुरू होते, आणि हा खेळ अशाच एका कल्पित संसाराचा आहे. चार-चार मुलांचे एक कुटुंब, प्रत्येक कुटुंबाला काही एकर कोरडवाहू शेत आणि मोजके चिंचोके. एक चिंचोका म्हणजे हजार रुपये. फासेही चिंचोक्यांचेच आहेत, एका अंगाने दगडावर घासून पांढरे केलेले.

पैशाचा व्यवहार शिकवणारे खेळ दुकानात पुष्कळ मिळतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत ‘व्यापार’चा पट खेड्यातल्या घरांतही मांडला जातो. या प्रकारच्या खेळाचे मूळ अमेरिकेत आहे. लिझी मॅगी यांनी १९०४ मध्ये ‘द लँडलॉर्ड्स गेम’ या खेळाचे पेटंट मिळवले. जमीन मूठभरांच्या हाती गेली की बाकीच्यांचे काय होते हे लोकांना उमगावे, असा त्यांचा हेतू होता. पुढे १९३५ पासून पार्कर ब्रदर्स कंपनीने जो ‘मोनोपॉली’ खपवला, त्यात मात्र इतरांचे दिवाळे काढणाराच जिंकतो. पट जवळपास तोच राहिला, आणि नियमांबरोबर शिकवण उलटली. आपल्याकडच्या मुलांच्या दृष्टीने त्यात आणखी एक अडचण आहे. पटाला एक फेरा पूर्ण केला की बँक प्रत्येकाला ठरलेली रक्कम देते, म्हणजे खेळणारा प्रत्येक जण जणू पगारदार असतो. ज्या घरात पैसा दिवाळीच्या आगेमागे येतो आणि खर्च मात्र बारमाही असतो, त्या घरातील मुलाला या पटावर आपले घर कुठे दिसावे?

म्हणून येथे जून ते ऑक्टोबर या पाच घरांत फक्त द्यावे लागते. जूनमध्ये बियाणे घ्यायचे. मुले त्याचा भाव मनाने ठरवत नाहीत. बीटी कपाशीच्या ४७५ ग्रॅमच्या पाकिटाची केंद्र सरकारने २०२५ च्या हंगामासाठी ठरवलेली कमाल किंमत ९०१ रुपये होती, ती फळ्यावर लिहिलेली आहे. पेरणी झाल्यावर मगच पावसाचा फासा टाकायचा, आधी नाही. फासा कोरडा पडला तर दुबार पेरणी, आणि बियाण्याचे पैसे पुन्हा मोजायचे. जुलैत वह्या-पुस्तके आणि फवारणी येते, पुढे पोळा येतो, कधी घरातले कोणी आजारी पडते. सुरुवातीला मिळालेले वीस चिंचोके ऑगस्टपर्यंत टिकवणारे कुटुंब विरळाच.

खेळाचा खरा कस लागतो तो येथे. उसना पैसा आणायचा कुठून? सोसायटी किंवा बँकेचे पीककर्ज, आईचा बचत गट, कृषी केंद्रातली उधारी आणि सावकार असे चार मार्ग समोर आहेत. सावकाराचा चिंचोका लगेच मिळतो. बँकेच्या चिंचोक्यासाठी सातबारा दाखवून एक डाव थांबावे लागते, आणि जुने कर्ज थकलेले असेल तर तो मिळतच नाही. ‘शेकडा तीन’ हे शब्द मुलांनी घरी ऐकलेले असतात, परंतु ते दरमहाचे आहेत आणि वर्षाला छत्तीस टक्के होतात, हे अनेकांना प्रथमच कळते. जूनमध्ये घेतलेल्या वीस हजारांवर आठ महिन्यांनी चार हजार आठशे रुपये व्याज होते. २०२५-२६ मध्ये लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. त्या दराने ही रक्कम म्हणजे जवळजवळ साठ किलो कापूस. याउलट केंद्राची व्याज सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना एकत्र धरली, तर तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडणाऱ्याला व्याज पडत नाही. मुदत चुकली की ही सवलत जाते. पटावर तारखेचे एक घर लाल खडूने रंगवलेले आहे ते याचसाठी.

(दृश्य : नोव्हेंबरच्या घरात कापसाचे ठोकळे. एक मुलगी बाजारभावाचा फासा हातात धरून थांबली आहे.)

“सर, इकू का थांबू?” असे ती विचारते. खेडा खरेदीचा व्यापारी आज रोख देतो. सीसीआयच्या, म्हणजे सरकारी भारतीय कापूस महामंडळाच्या, केंद्रावर दर बरा असला तरी ओलावा तपासला जातो आणि चुकारा, म्हणजे विकलेल्या मालाचे पैसे, नंतर येतो. ज्या कुटुंबावर सावकाराचे कर्ज आहे त्याचे व्याज प्रत्येक घराला वाढत असते, त्यामुळे ते नोव्हेंबरमध्येच विकून मोकळे होते. ज्याच्यावर व्याजाचा बोजा नाही ते जानेवारीपर्यंत वाट पाहू शकते. तेव्हा भाव चढेल किंवा पडेलही, पण निवड त्याच्या हातात असते. काटकसर करा आणि धीर धरा, असे मुलांना सांगणारे खेळ पुष्कळ आहेत. धीर धरायला आधी हाताशी पैसा लागतो, ही गोष्ट मात्र त्यांत क्वचितच येते, आणि विदर्भातील मुलांना काही शिकवायचे असेल तर सुरुवात तेथूनच व्हायला हवी.

एक पथ्य कसोशीने पाळले जाते : कोणाच्याही घरचे कर्ज विचारायचे नाही. या जिल्ह्यात कर्ज हा शब्द हलका नाही, आणि वर्गात अशी मुले असू शकतात ज्यांच्या घराने त्याची फार मोठी किंमत मोजली आहे. संसार कल्पित ठेवला की हरल्याची लाज कोणाला वाटत नाही.

हाताने करता-करता हिशेब शिकवण्याची कल्पना या भागाला नवी नाही. शेजारच्या वर्ध्यात १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये भरलेल्या शिक्षण परिषदेतून नई तालीम, म्हणजे गांधीजींची हस्तोद्योगातून शिकवण्याची पद्धत, पुढे आली, ती याच पायावर. आज अनेक शाळांत बाल आनंद मेळावा भरतो आणि मुले आलुबोंडे, चिवडा, बोरे विकतात. उपक्रम चांगला आहे, परंतु बेसन, तेल आणि बटाटे घरून आलेले असतात, आई पहाटे उठून तळत असते, आणि तीनशे रुपयांची विक्री हाच तीनशे रुपयांचा नफा म्हणून टाळ्या घेतो. साहित्याचा खर्च आणि आईच्या दोन तासांची मजुरी वहीत लिहायला लावली, तरच त्या मेळाव्यातून हिशेब शिकवला जाईल.

दहावी-बारावीच्या मुलांपुढचा प्रश्न वेगळा आहे, कारण त्यांच्या हातात मोबाइल आहे. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आणली. तरी मोह का घातक असतो, हे कायदा वाचून समजत नाही. ते चिंचोक्यांनी दाखवता येते. दहा मुलांनी मिळून शंभर चिंचोके डावावर लावायचे, प्रत्येक फेरीला आयोजकाने दहावा हिस्सा काढून घ्यायचा, उरलेले जिंकणाऱ्यांत वाटायचे आणि ते सगळे पुन्हा लावायचे. सातव्या फेरीअखेर सर्वांचे मिळून सुमारे अठ्ठेचाळीस उरतात. कोण जिंकले यावर मुले वाद घालत असतात, तोवर निम्म्याहून अधिक चिंचोके आयोजकाच्या डब्यात गेलेले असतात. त्याच तासाला फोनवरच्या फसवणुकीचे छोटे नाटकही होते : एकाने बक्षीस लागल्याचे सांगून पिन मागायचा, आणि दुसऱ्याने पैसे स्वीकारायला यूपीआयचा पिन लागत नाही, असे ठणकावून फोन ठेवायचा.

दहा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला पोस्टात स्वतःच्या नावाने बचत खाते उघडता येते, आणि रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार बँकाही आपापल्या मर्यादा ठरवून तशी मुभा देऊ शकतात. बँकेतील अशा खात्यात नेहमी शिल्लक असावी लागते, शिलकीपेक्षा अधिक रक्कम काढता येत नाही. त्यामुळे बचतीचा सराव मुलांना खऱ्या पासबुकावर करता येतो. कर्ज घेण्याचा, फेडण्याचा आणि मुदत चुकवून पाहण्याचा सराव मात्र अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत चिंचोक्यांवरच करावा लागतो.