गर्भपात, उमेदवार आणि अमेरिकेचा परंपरानिष्ठ मतदार

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकेत गर्भपाताच्या प्रश्नावर निवडणुका लढवल्या जातात, याचे आपल्याकडे पुष्कळांना नवल वाटते. भारतात गर्भपाताचा कायदा १९७१ साली झाला आणि त्याची शिफारस करणाऱ्या समितीचे अध्यक्ष शांतिलाल शाह हे महाराष्ट्राचेच आरोग्यमंत्री होते. पण त्या कायद्यावरून कुणा उमेदवाराचे तिकीट कापले गेल्याचे ऐकिवात नाही. तिकडे मात्र १९७३ साली सर्वोच्च न्यायालयाने ‘रो विरुद्ध वेड’ खटल्यात गर्भपात हा घटनेने दिलेला हक्क ठरवला. विधिमंडळांचे हात बांधले गेले, आणि निकाल फिरवायचा तर न्यायाधीश बदलले पाहिजेत, न्यायाधीश नेमायचे तर अध्यक्षपद आणि सिनेट हाती असली पाहिजे, हे गर्भपातविरोधकांच्या मनात पक्के बसले. उमेदवाराची भूमिका एवढी मोलाची झाली ती या कारणाने.

हा परंपरानिष्ठ मतदार, विशेषतः बायबलचा शब्द प्रमाण मानणारा इव्हँजेलिकल पंथीय ख्रिस्ती मतदार, उमेदवाराचे अंतःकरण तपासून मत देतो, असा एक समज आहे. मला तो अर्धाच खरा वाटतो. रोनाल्ड रेगन यांनी कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर असताना १९६७ साली गर्भपाताच्या अटी सैल करणाऱ्या कायद्यावर सही केली होती, तरी १९८० मध्ये हेच मतदार त्यांच्यामागे उभे राहिले. मिट रॉम्नी १९९४ साली एडवर्ड केनेडी यांच्याविरुद्ध सिनेटची निवडणूक लढवताना गर्भपाताच्या हक्काच्या बाजूने बोलत होते. पुढे त्यांनी भूमिका बदलली, त्यावरून टोमणे खाल्ले, तरी २०१२ साली रिपब्लिकन पक्षाची अध्यक्षपदाची उमेदवारी त्यांनाच मिळाली. मागचे माफ होते. मात्र माणसाने ‘मी आता तुमच्या बाजूचा आहे’ असे चारचौघांत सांगावे लागते.

रुडी जुलियानी यांनी नेमके तेच टाळले. न्यूयॉर्कचे हे माजी महापौर २००७ साली रिपब्लिकन इच्छुकांच्या जनमत चाचण्यांत कितीतरी महिने पहिल्या क्रमांकावर होते. त्या वर्षीच्या मे महिन्यात कॅलिफोर्नियात, रेगन यांच्याच नावाच्या ग्रंथालयात, पक्षातली पहिली वादसभा झाली. ‘रो’चा निकाल रद्द झाला तर तो देशासाठी चांगला दिवस असेल का, असा प्रश्न एकेकाला विचारण्यात आला. बाकीचे छातीठोकपणे ‘हो’ म्हणत होते, सॅम ब्राउनबॅक यांनी तर त्याला गौरवाचा दिवस म्हटले, आणि जुलियानी म्हणाले की, चालेल. एखाद्या न्यायाधीशाने तो निकाल पूर्वाधार म्हणून कायम ठेवला तरीही चालेल. घटनेच्या शब्दांना धरून चालणारे न्यायाधीश नेमण्याचे वचन त्यांनीही दिले होते, म्हणजे ‘रो’ फिरवू शकतील असेच न्यायाधीश, त्यामुळे व्यवहारात फरक फारसा पडला नसता. पण उमेदवार ठरवणाऱ्या, राज्याराज्यांत होणाऱ्या पक्षांतर्गत निवडीत मतदारापुढे पर्याय असतात. आयोवात माइक हकबी हे धर्मोपदेशक राहिलेले उमेदवार जिंकले, आणि ज्या फ्लोरिडावर जुलियानींनी सारी भिस्त ठेवली होती तिथे जानेवारी २००८ मध्ये ते तिसरे आले. त्यांच्या पराभवाला प्रचाराचे फसलेले गणितही कारण होते, हे सांगितले पाहिजे. तरी गर्भपाताची अडचण त्यांच्या पायात शेवटपर्यंत राहिली.

आता डोनाल्ड ट्रम्प. १९९९ साली दूरचित्रवाणीवर आपण गर्भपाताच्या निवडीच्या हक्काचे पुरेपूर समर्थक असल्याचे सांगणारा हा माणूस २०१६ साली उमेदवार झाला, तेव्हा त्याच्या शब्दावर कुणी भरवसा ठेवावा असे फारसे काही नव्हते. त्यातच फेब्रुवारीत न्यायमूर्ती अँटोनिन स्कालिया वारले आणि सर्वोच्च न्यायालयातली एक खुर्ची खरोखरीच रिकामी झाली. मे महिन्यात ट्रम्प यांनी संभाव्य न्यायाधीशांची अकरा नावांची यादी प्रसिद्ध केली. माझ्या मते सारे पारडे या यादीने फिरवले. ज्याच्या श्रद्धेची खात्री नाही, त्याच्याकडून जणू लेखी हमीच मिळाली. मतदानोत्तर चाचणीनुसार गोऱ्या इव्हँजेलिकल मतदारांपैकी सुमारे ८० टक्के त्यांच्या बाजूने गेले. हमी वठलीही: त्यांनी नेमलेले तिन्ही न्यायाधीश २४ जून २०२२ रोजी ‘रो’ रद्द करणाऱ्या बहुमतात होते.

भूमिका कडक असली की मते वाढतातच, असे मात्र नाही. मिसुरीत २०१२ साली सिनेटचे रिपब्लिकन उमेदवार टॉड अ‍ॅकिन यांनी बलात्कारातून होणाऱ्या गर्भधारणेविषयी अत्यंत असंस्कृत विधान केले. त्याच राज्यात रॉम्नी सहज जिंकले आणि अ‍ॅकिन मोठ्या फरकाने हरले. म्हणजे रॉम्नींना मत देणाऱ्या पुष्कळांनी अ‍ॅकिन यांच्यापुढे खूण केली नाही.

‘रो’ गेल्यावर हिशेबच बदलला. प्रश्न राज्यांकडे आला, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये कॅन्ससच्या मतदारांनी, तेही रिपब्लिकन वळणाच्या राज्यात, गर्भपाताचे संरक्षण काढून घेणारी घटनादुरुस्ती सुमारे ५९ टक्क्यांनी फेटाळली. ट्रम्प यांनी त्यावरून धडा घेतला. एप्रिल २०२४ मध्ये त्यांनी राष्ट्रव्यापी बंदीचा आग्रह न धरता विषय राज्यांवर सोडला. त्यांचेच माजी उपाध्यक्ष माइक पेन्स यांनी त्याला थोबाडीत मारल्यासारखे म्हटले. ‘सुझन बी. अँथनी प्रो-लाइफ अमेरिका’ या अग्रगण्य संघटनेने घोर निराशा व्यक्त केली आणि त्याच दमात बायडन यांना हरवण्यासाठी झटण्याचा निर्धारही जाहीर केला. नाराजी असली तरी जाणार कुठे, हे उमेदवाराने ओळखले होते. ऑगस्टमध्ये फ्लोरिडातली सहा आठवड्यांची मर्यादा फार कमी आहे असे ते म्हणाले, ओरड झाली, आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी ती मर्यादा उठवणाऱ्या प्रस्तावाविरुद्ध मत देणार असल्याचे सांगितले. नोव्हेंबरच्या मतदानात प्रस्तावाला ५७ टक्के मते मिळाली, पण तिथे ६० टक्के लागतात, म्हणून तो पडला.

त्याच दिवशी मिसुरीत काय घडले ते अधिक बोलके आहे. एकाच मतपत्रिकेवर ट्रम्प यांना ५८ टक्के मते मिळाली आणि गर्भपाताचा हक्क राज्यघटनेत घालणारी दुरुस्तीही निसटत्या बहुमताने मंजूर झाली. दोन्हींना होकार देणारे हजारो लोक त्यात होते, हे साध्या बेरजेवरून कळते. या मतदारांना विसंगत म्हणणे मला पटत नाही. प्रश्न थेट त्यांच्या हाती आल्यावर उमेदवाराच्या भूमिकेवरून मत ठरवण्याची त्यांना गरज उरली नव्हती.

मिसुरीच्या विधिमंडळाने मात्र २०२५ साली ती दुरुस्ती रद्द करण्याचा प्रस्ताव नोव्हेंबर २०२६ च्या मतदानासाठी मतदारांपुढे ठेवण्याचे ठरवले. त्या मतपत्रिकेवर अध्यक्षपदाचा उमेदवार नाही.

नमस्कार.